संगणकातला आवाज रेकॉर्ड करताना एनव्हीडीएला बाहेर कसं ठेवायचं

सकाळचा ऑनलाइन तास रेकॉर्ड केला, संध्याकाळी उजळणीसाठी ऐकायला घेतला आणि सरांच्या आवाजावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आपला स्क्रीन रीडर, बोलत बसलेला सापडला: ‘चॅट, बटण’, ‘नवीन संदेश’, ‘बॅटरी वीस टक्के’. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथे एकदा तरी अडते. मग रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम बदलून पाहिला जातो, दुसरा, तिसरा, आणि तिन्हींत तेच होतं. प्रोग्रॅम बदलून हे सहसा सुटत नाही, कारण दोन आवाज एकत्र होतात ते त्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचायच्या आधीच.

विंडोजमधून आवाज बाहेर पडायच्या जागा अनेक असतात: लॅपटॉपचे स्पीकर, यूएसबी हेडफोन, ब्लूटूथ, एचडीएमआयने जोडलेला टीव्ही. यातल्या प्रत्येक जागेला आपण इथे दार म्हणू. एका दारातून जायला निघालेले सगळे आवाज, म्हणजे सरांचा, एनव्हीडीएचा, मेल आल्याच्या टिणटिणीचा, विंडोज आधी एकत्र करतं आणि त्यांची एकच धार बाहेर सोडतं. संगणकातला आवाज रेकॉर्ड करायची ‘लूपबॅक’ नावाची जी सोय आहे ती हीच तयार धार उचलते. आमटीत मीठ विरघळल्यावर ते वेगळं काढता येत नाही, तसा त्या धारेतून एनव्हीडीए नंतर काढता येत नाही. म्हणून रेकॉर्ड करण्याआधीच ठरवायचं, कोणता आवाज कोणत्या दाराने जाणार.

एनव्हीडीएला स्वतःचं दार द्या

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे एक साधं यूएसबी साउंड कार्ड. अंगठ्याएवढी डबी असते, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हेडफोन व माइकची भोकं. इंदूरच्या जेल रोडवरच्या नॉव्हेल्टी मार्केटात किंवा कुठल्याही संगणकाच्या दुकानात ‘यूएसबी साउंड कार्ड’ म्हणूनच मागा. नुसतं ‘दोन हेडफोन लावायचं काहीतरी द्या’ म्हटलंत, तर दुकानदार इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटा फुटलेली तार हातात ठेवील. ती उपयोगाची नाही. त्या तारेने एकाच दाराचे दोन नळ होतात, विंडोजला दार एकच दिसतं. घेताना हाताने चाचपून बघा: एक टोक यूएसबीचं असायलाच हवं.

कार्ड लावल्यावर एनव्हीडीए कळ, म्हणजे तुम्ही ठेवली असेल त्याप्रमाणे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, अधिक कंट्रोल अधिक यू दाबा. एनव्हीडीएची ‘ऑडिओ’ सेटिंग उघडते. २०२३.३ आवृत्तीपासून आवाजाच्या सेटिंग इथे आहेत. त्याआधीची आवृत्ती असेल तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस दाबून येणाऱ्या सिंथेसायझरच्या चौकटीत हाच पर्याय मिळेल. ‘आउटपुट डिव्हाइस’ या यादीत ‘यूएसबी’ शब्द असलेलं नाव निवडून ओके करा. आवाज लगेच कार्डात जातो, म्हणून हेडफोन आधीच कार्डाला लावून कानात ठेवलेला असावा.

इथे चुकून भलतंच दार निवडलं गेलं तर एनव्हीडीए एकदम गप्प होतो आणि जीव घाबरा होतो. घाबरू नका. दुसरी कुठलीही कळ दाबायच्या आधी एनव्हीडीए, कंट्रोल आणि आर एकदाच दाबा. शेवटची जतन केलेली जुळवणी परत येते आणि आवाजही. एकदाच दाबायचं बरं का. तीनदा पटापट दाबलं तर सगळ्या सेटिंग मूळ कारखान्याच्या होतात. उलट सगळं नीट बसलं की एनव्हीडीए, कंट्रोल आणि सी दाबून ते जतन करून टाका.

मग एनव्हीडीए, शिफ्ट आणि डी. ही कळ ‘ऑडिओ डकिंग’ बदलते, म्हणजे एनव्हीडीए बोलताना बाकीचे आवाज दबवायचे की नाही. ‘नो डकिंग’ ऐकू येईपर्यंत दाबत राहा. हे सहज विसरलं जातं. एनव्हीडीए दुसऱ्या दाराने गेला तरी त्याच्या बोलण्याबरोबर सरांचा आवाज खाली-वर होत राहतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये कारण न कळणारे खड्डे पडतात. एनव्हीडीए संगणकावर रीतसर बसवलेला असेल तरच ही सोय चालते. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रतीत ती नसते.

आता संगणकाचं मुख्य दार तपासा. नवं कार्ड लावलं की विंडोज कधी कधी त्यालाच मुख्य करून टाकतं, मग सर आणि एनव्हीडीए पुन्हा एकाच दारात येतात. विंडोज आणि आर दाबा, चौकटीत एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल अशी अक्षरं सलग टाईप करा, एंटर. आवाजाची जुनी चौकट उघडते. विंडोज १० आणि ११ दोन्हींत ती आहे, आणि स्क्रीन रीडरला ती नव्या सेटिंगपेक्षा सोपी जाते. पहिल्याच ‘प्लेबॅक’ पानावर लॅपटॉपचे स्पीकर निवडा आणि ‘सेट डिफॉल्ट’ बटण दाबा.

ऑडॅसिटीची जुळवणी

ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम; ती फुकट आहे आणि कीबोर्डवरून पूर्ण चालते, म्हणून उदाहरण तिचंच घेऊ. कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडा आणि ‘ऑडिओ सेटिंग्ज’ या पानावर जा. जुन्या आवृत्तीत त्याला ‘डिव्हायसेस’ म्हणतात. इथे होस्टच्या, म्हणजे विंडोजकडून आवाज घ्यायच्या पद्धतींच्या, यादीत एमएमई, डायरेक्टसाउंड आणि वेसापी अशी तीन नावं असतात. वेसापी निवडा. लूपबॅकची दारं फक्त त्याच्याखाली दिसतात. ‘माझ्याकडे लूपबॅक दिसतच नाही’ म्हणणाऱ्यांचा होस्ट बहुतेक वेळा एमएमईवर राहिलेला असतो. मग रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या यादीत लॅपटॉपच्या स्पीकरचं नाव आणि त्यापुढे ‘लूपबॅक’ असा शब्द येईल, तो घ्या. यूएसबी कार्डाचंही लूपबॅक यादीत असेल. ते घेतलंत तर तासभर फक्त एनव्हीडीए रेकॉर्ड होईल. चॅनेल २ ठेवा, म्हणजे डावी आणि उजवी बाजू वेगळी नोंदली जाते.

साउंड कार्ड ऑडॅसिटी उघडल्यानंतर लावलं असेल तर ते यादीत येत नाही. ‘ट्रान्सपोर्ट’ मेनूत ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस’ आहे, ते करा. त्याच मेनूतल्या ‘ट्रान्सपोर्ट ऑप्शन्स’मध्ये ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ बंद आहे ना तेही पाहा. ते चालू असलं तर रेकॉर्ड झालेला आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, तो लूपबॅक पुन्हा उचलतो, आणि विहिरीत ओरडल्यासारखा घुमणारा प्रतिध्वनी तयार होतो.

मग वीस सेकंदांची चाचणी. आर दाबून रेकॉर्डिंग सुरू करा आणि कुठलंही भाषण चालू करा. आठ-दहा सेकंदांनी एनव्हीडीएकडून मुद्दाम काहीतरी बोलून घ्या. एनव्हीडीए आणि एफ १२ दाबलं की तो वेळ सांगतो. मग लॅपटॉपच्या माइकजवळ, बहुतेकांमध्ये तो पडद्याच्या वरच्या कडेला असतो, नखाने तीनदा टकटक करा. स्पेस दाबून थांबवा, पुन्हा स्पेस दाबून ऐका. वेळ ऐकू आली तर एनव्हीडीए अजून त्याच दारात आहे. टकटक ऐकू आली तर तुम्ही लूपबॅकऐवजी माइक निवडला आहे. फक्त भाषण ऐकू आलं तर काम झालं.

माइकची चूक फसवी असते, कारण भाषण तेव्हाही ऐकू येतंच. स्पीकरमधून निघून खोलीतून फिरून ते माइकात शिरतं, आणि सोबत रामबागेच्या गल्लीतून जाणाऱ्या कचरागाडीचं गाणं, कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर घेऊन येतं. विंडोजसोबत येणारं साउंड रेकॉर्डर वापरणाऱ्यांचं हेच होतं.

आवाजाची पातळी डोळ्यांनी मीटर न बघताही अचूक कळते. कंट्रोल आणि ए ने सगळं निवडा, इफेक्ट मेनूतून ‘ॲम्प्लिफाय’ उघडा आणि पहिला आकडा ऐका. ६ असेल तर तुमचा सर्वांत मोठा आवाज कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली आहे. ३ ते ९ च्या दरम्यान असला की छान. शून्याला टेकला असेल तर आवाज फाटला असण्याची शक्यता आहे. तेव्हा ज्या प्रोग्रॅममधून भाषण वाजतंय त्याचाच आवाज कमी करा. लॅपटॉपच्या कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळीने लूपबॅकची पातळी बहुतेक वेळा बदलत नाही. आकडा ऐकून झाला की एस्केप.

कार्ड नसेल तर

आज रात्रीच तास आहे आणि बाजार बंद झाला आहे. तेव्हा एनव्हीडीएच्या ‘साउंड स्प्लिट’चा उपयोग होतो, ही सोय २०२४.२ आवृत्तीत आली. एनव्हीडीए, ऑल्ट आणि एस दाबलं की एनव्हीडीए फक्त डाव्या कानात जातो आणि बाकी सगळे प्रोग्रॅम उजव्या कानात. दार एकच, पण त्याच्या दोन फळ्या झाल्या. लूपबॅक दोन्ही फळ्या वेगवेगळ्या नोंदवतो, फक्त ऑडॅसिटीत चॅनेल २ हवेत. १ असेल तर दोन्ही पुन्हा मिसळतात.

रेकॉर्डिंग झाल्यावर त्या ट्रॅकवर शिफ्ट आणि एम दाबा. ट्रॅकचा मेनू उघडतो, त्यात ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ आहे. एका ट्रॅकचे दोन होतात. वरचा डावा, म्हणजे एनव्हीडीएचा. तो निवडून ‘ट्रॅक्स’ मेनूतल्या ‘रिमूव्ह ट्रॅक्स’ने काढून टाका. उरला तो निव्वळ तास.

याला एक मर्यादा आहे आणि ती गाणं रेकॉर्ड करणाऱ्याने आधीच जाणून घ्यावी. साउंड स्प्लिट डावी-उजवी बाजू एकत्र करून उजव्या कानात देत नाही, डावी बाजू सरळ बंद करतं. माणसाचं बोलणं दोन्ही बाजूंना सारखंच असतं, म्हणून व्याख्यानाचं काही बिघडत नाही. पण तबला डावीकडे आणि तानपुरा उजवीकडे असं ध्वनिमुद्रण असेल तर तबला गेलाच. संगीतासाठी यूएसबी कार्डच हवं.

आणि साउंड स्प्लिट चालू असताना एनव्हीडीए मध्येच कोलमडला तर बाकीचे प्रोग्रॅम एकाच कानात अडकून राहू शकतात. हेडफोन खराब झाला असं वाटून लोक नवा घेऊन येतात. एनव्हीडीए पुन्हा सुरू करा, ऑडिओ सेटिंगमध्ये साउंड स्प्लिटचा ‘दोन्ही दोन्हीकडे’ हा पर्याय एकदा निवडा, दुसरी बाजू परत येते.

याहून साधा मार्ग म्हणजे एनव्हीडीएला गप्प करणं. ऑडॅसिटीच्या ‘ट्रान्सपोर्ट’, ‘रेकॉर्डिंग’मध्ये ‘टायमर रेकॉर्ड’ आहे. सुरू व्हायची आणि संपायची वेळ भरा, तास लावून ठेवा, आणि एनव्हीडीए व एस दाबत ‘ऑफ’वर आणा. याच फेरीत ‘बीप्स’ आणि ‘ऑन डिमांड’ही असतात. बीप्सवर सोडलंत तर प्रत्येक बोलण्याऐवजी एक टूक रेकॉर्ड होईल. मात्र वर्गात हात वर करायचा असेल, चॅट वाचायचा असेल, तर गप्प एनव्हीडीए घेऊन बसता येत नाही. म्हणून हा मार्ग रेडिओचा कार्यक्रम किंवा एकतर्फी व्याख्यान यांच्यापुरताच.

तरीही बिघडलं तर

तास ६० मिनिटांचा होता आणि रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचं भरलं. ही अडचण गंमत म्हणजे एनव्हीडीएला वेगळं दार दिल्यावरच पुढे येते. दारातून काहीच जात नसेल तेव्हा लूपबॅक ऑडॅसिटीला काहीही पाठवत नाही, शांततासुद्धा नाही. व्हिडिओ थांबवला, पुढचा लावेपर्यंत दोन मिनिटं गेली, तर ती दोन मिनिटं रेकॉर्डिंगमध्ये मोजलीच जात नाहीत. आधी एनव्हीडीएच अधूनमधून बोलून दार जागं ठेवत होता. नुसती उजळणी करायची असेल तर हा फायदाच समजा. पण किती मिनिटांनी कोणता मुद्दा आला याची टिपणं ठेवत असाल, तर ऑडॅसिटीतच ‘जनरेट’, ‘सायलेन्स’ने पाच मिनिटांची निःशब्द फाइल बनवा आणि कुठल्याही प्लेअरमध्ये पुन्हापुन्हा वाजत ठेवा. दार उघडं राहतं, ऐकू काहीच येत नाही.

ऑडॅसिटी ‘एरर ओपनिंग रेकॉर्डिंग डिव्हाइस’ म्हणते तेव्हा पुढचा आकडा नीट ऐका, उपाय त्यावरून ठरतो. उणे ९९९७ म्हणजे नमुना दर (सॅम्पल रेट) जुळत नाही: ऑडॅसिटी ४४१०० मागते आणि स्पीकर ४८००० वर चालतोय, किंवा उलट. आवाजाच्या जुन्या चौकटीत स्पीकरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर जो दर असेल तोच ऑडॅसिटीत ठेवा. उणे ९९९८ म्हणजे चॅनेलची संख्या चुकली. उणे ९९९६ म्हणजे निवडलेलं दार आता अस्तित्वात नाही. हेडफोन काढला असेल, रीस्कॅन करा. उणे ९९९९ सगळ्यात मोघम, पण त्यामागे अनेकदा विंडोजची परवानगी असते. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’, ‘मायक्रोफोन’ इथे डेस्कटॉप ॲपना माइकची मुभा चालू करा. आपण माइक वापरतच नाही असं वाटलं तरी ही मुभा तपासाच.

आवाज टेलिफोनवर बोलल्यासारखा दबका झाला असेल तर ब्लूटूथ हेडफोनकडे बघा. त्याचा माइक चालू झाला की हेडफोन संगीताचा चांगला मार्ग सोडून कॉलच्या मार्गावर येतो, आणि तिथे आवाज एकाच चॅनेलचा व निकृष्ट असतो. वर्गाच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडला की हेडफोन मूळ मार्गावर जातो. कॉल सुरू झाल्याबरोबर बाकी सगळे आवाज बसत असतील तर जुन्या चौकटीतल्या शेवटच्या ‘कम्युनिकेशन्स’ पानावर जा. तिथे कॉलच्या वेळी इतर आवाज ८० टक्क्यांनी उतरवायचं ठरलेलं असतं. ‘डू नथिंग’ करा.

आतला आवाज पकडायला ‘स्टिरिओ मिक्स’ या जुन्या सोयीचा सल्ला अजूनही बरेच जण देतात. काही लॅपटॉपच्या रिअलटेक चिपबरोबर ते येतं आणि ‘रेकॉर्डिंग’ पानावर लपलेलं असतं. यादीवर शिफ्ट आणि एफ १० दाबून ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’ केलं की दिसतं. पण ते फक्त त्या चिपमधून जाणारा आवाज पकडतं, यूएसबी किंवा ब्लूटूथचा नाही. लूपबॅक असताना त्याच्या मागे लागू नये.

एकाच प्रोग्रॅमचा आवाज उचलायची सोयही आता आहे. ओबीएस स्टुडिओ या पडदा आणि आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये ‘ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर’ हा स्रोत घेऊन फक्त ब्राउझर निवडता येतो, एनव्हीडीए त्याच दारात असला तरी रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. विंडोज १० ची २००४ आवृत्ती किंवा त्यानंतरची लागते. नुसत्या आवाजासाठी ओबीएस जड आहे. पडदाही रेकॉर्ड करायचा असेल तर मात्र तोच घ्या.

तास सुरू व्हायच्या आधी लॅपटॉप चार्जरला लावा आणि झोपायची मुदत ‘नेव्हर’ करा, नाहीतर रेकॉर्डिंग अर्ध्यात तुटतं. जागाही बघा: ऑडॅसिटी ३२ बिटवर, दोन चॅनेल, ४४१०० दराने मिनिटाला सुमारे २१ एमबी खाते, म्हणजे तासाला सव्वा जीबीच्या आसपास. बोलणंच असेल तर नंतर एक चॅनेल, ६४ केबीपीएसची एमपी३ काढा. तासाची फाइल २९ एमबीत बसते आणि मित्राला फोनवर पाठवता येते. शिक्षकांना आधी विचारलेलं बरं. पुस्तक किंवा अभ्याससाहित्य अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात आणायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आहे, पण वर्गातल्या इतर मुलांचे आवाजही फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल पुढे कुठे जाणार हे त्यांना माहीत असायला हवं.

फोनवर ही भानगड बरीच कमी आहे. अँड्रॉइड १० पासून आतला आवाज पकडायची जी सोय आली, ती गाणी-व्हिडिओ आणि खेळ यांचा आवाज देते. टॉकबॅकचं, म्हणजे फोनमधल्या स्क्रीन रीडरचं, बोलणं वेगळ्या वर्गात मोडतं, म्हणून स्क्रीन रेकॉर्डरमध्ये ‘डिव्हाइस ऑडिओ’ निवडलं की ते सहसा येत नाही. ‘मायक्रोफोन’ निवडलं तर येतं, कारण मग फोन स्वतःच्याच स्पीकरचं ऐकत असतो. काही ॲप आपला आवाज पकडू देत नाहीत. तिथे फाइल पूर्ण लांबीची बनते आणि आत शांतता असते, म्हणून इथेही आधी वीस सेकंद रेकॉर्ड करून ऐकायचं आणि मगच तासाला बसायचं.